सागरदीपांचा शिल्पकार

अमावास्येची रात्र आहे. पाऊस कोसळतो आहे आणि वाऱ्याने समुद्र खवळला आहे. अशा वेळी किनाऱ्याजवळ आलेल्या गलबतावरील खलाशांना सर्वांत अधिक भय कशाचे वाटत असेल? भर समुद्रातील अथांग पाण्याचे त्यांना तितकेसे भय नसते. तेथे गलबत वादळाशीही झुंज देऊ शकते. खरे भय असते ते किनाऱ्याचे. कारण पाण्याखाली दडलेले खडक आणि वाळूचे दांडे तेथेच असतात. ज्या घराच्या ओढीने खलाशी परत फिरलेले असतात, त्या घराच्या उंबरठ्यावरच जणू मृत्यू दबा धरून बसलेला असतो.

म्हणूनच फार प्राचीन काळापासून मनुष्याने किनाऱ्यावर उंच जागी रात्रभर अग्नी पेटता ठेवण्याची प्रथा पाडली. पुढे त्या अग्नीच्या जागी दिवे आले आणि दिव्यांसाठी मनोरे उभे राहिले. परंतु हे दिवे दुबळेच राहिले. धुके पडले की ते दिसेनासे होत आणि दिसले तरी पुष्कळदा फार उशिरा दिसत. या दुबळ्या दिव्यांना ज्याने दूरवर पोहोचणारे तेज दिले, तो मनुष्य स्वतः प्रकृतीने अत्यंत दुबळा होता. त्याला आयुष्यही अवघे एकोणचाळीस वर्षांचे लाभले. ओग्युस्तँ फ्रेनेल हे त्याचे नाव. कागद, लेखणी आणि गणित हीच त्याची मुख्य साधने होती.

फ्रेनेलचा जन्म १० मे १७८८ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात ब्रॉय नावाच्या गावी झाला. त्याचे वडील वास्तुशिल्पी होते. चार भावांत ओग्युस्तँ दुसरा. तो वर्षाचा होतो न होतो तोच फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. वडील त्या वेळी शेर्बुर बंदराच्या बांधकामावर होते. क्रांतीच्या धामधुमीत ते काम बंद पडले आणि १७९४ साली हे कुटुंब मातिय या खेड्यात येऊन राहिले. हे ओग्युस्तँच्या वडिलांचे मूळ गाव. आईवडील धर्मनिष्ठ आणि शिस्तीचे भोक्ते होते. मुलांचे आरंभीचे शिक्षण त्यांनी घरीच केले.

या शिक्षणात ओग्युस्तँची प्रगती मोठी निराशाजनक होती. आठ वर्षांचा झाला तरी त्याला धड वाचता येत नसे, असे सांगतात. पाठांतराचा तर त्याला मनापासून कंटाळा होता. घरातील मोठ्या माणसांना त्याची काळजी वाटे. त्याच्या सवंगड्यांचे मत मात्र अगदी निराळे होते. खेळातल्या बंदुकीची नळी किती लांब आणि किती रुंद असावी, धनुष्यासाठी कोणत्या झाडाची फांदी घ्यावी, ती ओली घ्यावी की वाळलेली, याचे हा मुलगा पद्धतशीर प्रयोग करी. या प्रयोगांचा परिणाम असा झाला, की मुलांची खेळणी खरीखुरी शस्त्रे बनली आणि शेवटी गावातील आईबापांना त्यांवर बंदी घालावी लागली! जो मुलगा पाठ केलेली ओळ विसरत असे, तो स्वतः पारखून घेतलेली गोष्ट कधीही विसरत नसे.

तेराव्या वर्षी तो काँ येथील शाळेत गेला. तेथे त्याची गणिताशी गाठ पडली आणि त्याच्या बुद्धीला जणू तिची वाट सापडली. १८०४ साली, सोळाव्या वर्षी, त्याला पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निक या विख्यात विद्यालयात प्रवेश मिळाला. त्यानंतर रस्ते व पूल बांधण्याचे शिक्षण घेऊन १८०९ मध्ये तो सरकारी इंजिनिअर झाला.

पुढील काही वर्षे त्याने दूरदूरच्या प्रांतांत रस्ते बांधण्यात घालवली. मजुरांवर देखरेख करणे, हिशेब तपासणे, कामचुकारांना दटावणे ही कामे त्याच्या शांत व भिडस्त स्वभावाला मानवणारी नव्हती. तरीही कर्तव्य म्हणून तो ती चोख पार पाडी. रात्री मात्र तो स्वतःच्या विचारांत रमून जाई. प्रकाश म्हणजे काय, या प्रश्नाने १८१४ च्या सुमारास त्याला झपाटून टाकले. प्रकाश म्हणजे अत्यंत सूक्ष्म कणांचा वर्षाव होय, हे न्यूटनच्या काळापासून चालत आलेले मत त्या वेळी बहुतेक विद्वानांना मान्य होते. फ्रेनेलला ते पटेना. तळ्यात खडा टाकला असता जशा लाटा पसरतात, तसा प्रकाशही लाटांच्या रूपाने पसरत असावा, असे त्याला वाटू लागले.

या विचाराची परीक्षा घेण्याची संधी त्याला एका संकटातून मिळाली. १८१५ साली नेपोलियन एल्बा बेटावरून निसटून फ्रान्समध्ये परत आला. फ्रेनेलने त्याच्याविरुद्ध राजाची बाजू घेतली आणि त्याला नोकरीवरून दूर करण्यात आले. तो आईकडे मातिय येथे जाऊन राहिला. तेथे ना प्रयोगशाळा होती ना उपकरणे. गावच्या कुलुपे करणाऱ्या कारागिराकडून त्याने आपल्याला हवे तसे साधन बनवून घेतले. चांगले भिंग मिळेना, तेव्हा बारीक छिद्रावर मधाचा थेंब ठेवून त्याचेच त्याने भिंग केले. त्या थेंबातून आलेला सूर्यप्रकाश एका बारीक तारेवर पाडून तो तिची सावली तासन् तास न्याहाळी. सावलीच्या कडेला आणि सावलीच्या आतही प्रकाशाच्या आणि काळोखाच्या नाजूक रेषा त्याला दिसल्या. कणांच्या कल्पनेने या रेषांचा उलगडा होईना. लाटांच्या कल्पनेने तो होत होता. इंग्लंडातील थॉमस यंग याने यांतील काही विचार आपल्या आधीच मांडले आहेत, हे फ्रेनेलला नंतर कळले. त्या वेळी यंगचे श्रेय त्याने मोकळेपणाने मान्य केले.

पुढे फ्रेंच विज्ञान अकादमीने याच विषयावर निबंध-स्पर्धा जाहीर केली. १८१८ साली फ्रेनेलने आपला निबंध पाठवला. सावलीच्या कोणत्या ठिकाणी किती प्रकाश पडेल, हे त्याने त्यात गणिताने काढून दाखवले होते. हे गणित सोपे नव्हते. त्यातील काही बेरजांचे उत्तर नेहमीच्या रीतीने निघतच नसे. तेव्हा त्याने लाटेचे लहान लहान भाग पाडले, एकेका भागाचा परिणाम आकड्यांत काढला आणि ते आकडे मिळवून कोष्टक तयार केले. परीक्षकांपैकी प्वासाँ हा थोर गणिती कणांच्या मताचा होता. त्याने फ्रेनेलच्याच सूत्रांवरून एक चमत्कारिक गोष्ट सिद्ध केली. ती सूत्रे खरी असतील, तर वाटोळ्या चकतीच्या सावलीत अगदी मध्यभागी प्रकाशाचा ठिपका दिसला पाहिजे! सावलीच्या पोटात उजेड कसा असेल? फ्रेनेलचे मत खोडून काढण्यास एवढे पुरेसे आहे, असे वाटत होते. परंतु आरागो या शास्त्रज्ञाने प्रयोग करून पाहिला, तो काय! ठिपका खरोखरच तेथे होता. १८१९ मध्ये पारितोषिक फ्रेनेलला मिळाले.

याच आरागोने त्याला एका नव्या कामाकडे ओढले. फ्रान्समधील दीपगृहांची सुधारणा करण्यासाठी एक आयोग नेमलेला होता आणि आरागो त्याचा सभासद होता. त्याच्या शिफारशीवरून जून १८१९ मध्ये फ्रेनेलची या कामावर तात्पुरती नेमणूक झाली. ज्याने आजवर तारेची सावली मोजली, त्याला आता समुद्रावरील काळोखाशी सामना करायचा होता.

दीपगृहाच्या दिव्यात उणीव कोणती होती, ते प्रथम समजून घेतले पाहिजे. दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो. थोडा वर आकाशाकडे जातो, थोडा खाली मनोऱ्याच्या पायथ्याशी पडतो आणि फारच थोडा दूरच्या क्षितिजाकडे, म्हणजे जेथे गलबत असते तेथे, पोहोचतो. म्हणून दिव्यामागे धातूचे चकचकीत आरसे बसवीत. पण हे आरसे त्यांच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जवळजवळ निम्मा प्रकाश गिळून टाकीत. आरशाऐवजी काचेचे मोठे भिंग वापरले तर काय होईल, असा विचार फ्रेनेलने केला. भिंग प्रकाशाचे किरण वळवते आणि फारच थोडा प्रकाश वाया घालवते. परंतु एवढे मोठे भिंग मध्यभागी इतके जाड होईल, की त्याच्या वजनाने यंत्रणा वाकेल आणि त्या जाड काचेतच प्रकाश अडकेल.

यावर फ्रेनेलला सुचलेली युक्ती मोठी मार्मिक होती. किरण वळतो तो काचेत शिरताना आणि काचेतून बाहेर पडताना. म्हणजेच काचेच्या पृष्ठभागापाशी. मधली जाड काच किरण वळवण्याच्या कामी येत नाही. मग ती ठेवावी कशाला? मधली काच काढून टाकावी आणि केवळ वळणदार पृष्ठभागाच्या पट्ट्या एकीबाहेर एक अशा बसवाव्यात. असे भिंग पायऱ्यापायऱ्यांचे दिसेल, पण ते पातळ आणि हलके होईल.

ही कल्पना त्याने आयोगापुढे मांडली, तेव्हा एका सभासदाने सांगितले, की ब्युफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने असे भिंग पूर्वीच सुचवले होते. फ्रेनेलला ते ठाऊक नव्हते, तो ओशाळला. पण दोन्ही कल्पनांत मोठे अंतर होते. ब्युफाँला ते भिंग एकाच अखंड काचेतून कोरायचे होते आणि तसे करणे कारागिरांना फार अवघड होते. फ्रेनेल भिंगाचे अनेक तुकडे निरनिराळे घडवून मग जोडणार होता. शिवाय प्रत्येक तुकड्याचा आकार तो गणिताने ठरवणार होता.

हे गणित कसे असे, ते एका उदाहरणाने पाहू. दिवा भिंगापासून ९२ सेंटिमीटर अंतरावर आहे, असे समजा. भिंगाच्या मध्यापासून २० सेंटिमीटर दूर असलेल्या पट्टीवर पडणारा किरण सुमारे १२ अंशांनी तिरका असतो. तो तितकाच वळला, तर सरळ क्षितिजाकडे जाईल. ३५ सेंटिमीटर दूर असलेल्या पट्टीवरचा किरण सुमारे २१ अंशांनी तिरका असतो. काचेची आतली बाजू सपाट ठेवली, तर साधारण काचेच्या पहिल्या पट्टीच्या बाहेरील बाजूला सुमारे २४ अंशांचा उतार द्यावा लागतो आणि दुसरीला सुमारे ३८ अंशांचा. पट्टीचे अंतर पावणेदोन पट झाले, म्हणून उतार काही पावणेदोन पट झाला नाही. म्हणजे एका पट्टीवरून दुसरीचा अंदाज करून चालत नाही. प्रत्येक पट्टीसाठी स्वतंत्र गणित करावे लागते.

येथे एका अंशाच्या चुकीची किंमत केवढी असते! एक अंश चुकलेला किरण ३२ किलोमीटर अंतरावर पोहोचेपर्यंत अर्ध्या किलोमीटरहून अधिक वर किंवा खाली गेलेला असतो. तो गलबताच्या डोलकाठीवरून आकाशात निघून जाईल, किंवा वाटेतच पाण्यात बुडेल. कागदावरची चूक कागदावर राहत नसे. ती समुद्रावर माणसांच्या जिवाशी गाठ घाली. म्हणून फ्रेनेल एकेक आकडा जिवापाड जपत असे.

गणित झाले, तरी काच कोण घडवणार? आयोगाने खर्चासाठी केवळ ५०० फ्रँक मंजूर केले होते. फ्रेनेल एका कारागिराकडून दुसऱ्याकडे हेलपाटे घालू लागला. तिसऱ्या ठिकाणी फ्रान्स्वा सोलेय या कुशल काचकामगाराने हे काम पत्करले. वाटोळ्या पट्ट्या घासण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून ९७ लहान तुकडे जोडून मार्च १८२० मध्ये पहिले भिंग तयार करण्यात आले. ते ५५ सेंटिमीटर लांबरुंद होते. ते पाहून आयोगाचे सभासद प्रसन्न झाले आणि त्यांनी आठ भिंगांचे संपूर्ण यंत्र बनवण्यास सांगितले. १३ एप्रिल १८२१ च्या संध्याकाळी या यंत्राची आणि उत्तमोत्तम आरशांची लोकांसमक्ष तुलना झाली. आरशांचा प्रकाश त्यापुढे फिका पडला.

मात्र चांगल्या भिंगाला चांगली ज्योतही हवी. फ्रेनेल आणि आरागो यांनी मिळून एकाभोवती एक अशा अनेक गोल वाती असलेला दिवा सिद्ध केला. पुढचे मोठे यंत्र कोर्दुआँ येथील दीपगृहासाठी होते. बोर्दो शहराजवळ झिरोंद नदीचे विशाल मुख आहे. वाळूच्या दांड्यांमुळे ही जागा गलबतांना फार धोक्याची. तेथे भर पाण्यात १६११ साली पूर्ण झालेला भव्य दीपस्तंभ उभा आहे. त्यासाठी केलेल्या यंत्रात आठ मोठी भिंगे होती आणि या वेळी त्यांच्या पट्ट्या खरोखर वाटोळ्या होत्या. यंत्र सावकाश फिरे आणि प्रकाशाचे आठ झोत समुद्रावरून एकामागून एक फिरत जात. खलाशाला प्रकाशाचे झगमगाट ठरावीक वेळाने दिसत आणि त्यावरून हे दीपगृह कोणते, हेही तो ओळखू शके. वर निसटून जाणारा प्रकाशसुद्धा फ्रेनेलने लहान भिंगे व आरसे बसवून कामी लावला. मोठ्या झोतापेक्षा तो ७ अंश पुढे धावेल, अशी योजना त्याने केली. त्यामुळे प्रत्येक झगमगाट अधिक वेळ टिकू लागला.

२० ऑगस्ट १८२२ रोजी पॅरिसमधील अर्धवट बांधलेल्या विजयकमानीवर हे यंत्र चढवून त्याची परीक्षा घेण्यात आली. ३२ किलोमीटर अंतरावरून फ्रान्सचा राजा अठरावा लुई आणि आयोगाचे सभासद तो प्रकाश पाहत होते. परीक्षा यशस्वी झाली. मग ते यंत्र बोर्दोला नेण्यात आले आणि फ्रेनेलच्या देखरेखीखाली कोर्दुआँच्या मनोऱ्यावर त्याची उभारणी झाली. २५ जुलै १८२३ रोजी तेथे दिवा लागला. फ्रेनेलच्या भिंगाचा प्रकाश समुद्रावर प्रथमच दूरवर फाकला.

दीप उजळला; पण तो उजळणाऱ्याची प्राणज्योत मात्र मंदावू लागली. लवकरच फ्रेनेलच्या खोकल्यातून रक्त पडू लागले. त्याला क्षयाने गाठले होते. त्याच वर्षी विज्ञान अकादमीने त्याला एकमताने आपला सभासद निवडले. १८२४ मध्ये तो दीपगृह-आयोगाचा चिटणीस झाला. आता मात्र शक्ती जपून खर्च करणे प्राप्त होते. त्याने परीक्षकाचे काम सोडले, प्रकाशाच्या स्वरूपाविषयीचे आपले आवडते संशोधनही बाजूला ठेवले आणि उरलेले बळ दीपगृहांना वाहिले. १८२५ साली फ्रान्सच्या सबंध किनाऱ्यासाठी ५१ दीपगृहांची योजना त्याने तयार केली. कोठे मोठे भिंग हवे, कोठे लहान पुरे, कोठला दिवा स्थिर असावा आणि कोठला फिरता, हे सारे त्याने आखून दिले. एका दिव्याचा प्रकाश मागे पडतो तोच पुढच्या दिव्याचा दिसावा, हे त्याचे ध्येय होते.

अखेरच्या वर्षांत त्याने आणखी एक सुधारणा केली. फारच तिरके जाणारे किरण केवळ वळवून क्षितिजाकडे आणता येत नाहीत. अशा किरणांसाठी त्याने काचेची लोलकासारखी कडी बनवली. किरण काचेत शिरे, आतल्या बाजूवरून आरशाप्रमाणे परावर्तन पावे आणि मग हव्या त्या दिशेने बाहेर पडे. ही युक्ती प्रथम लहान दिव्यांत, पॅरिसमधील साँ-मार्तँ कालव्याच्या काठांवर प्रकाश पाडण्यासाठी, वापरली गेली. मोठ्या दीपगृहांत ती आणणे त्याच्या हयातीत झाले नाही.

१८२७ च्या जूनमध्ये त्याला पॅरिसजवळील व्हील-दाव्रे या गावी नेण्यात आले. शुश्रूषेला त्याची आई होती. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला रम्फर्ड पदक दिले होते. ते घेऊन आरागो त्याच्या अंथरुणाशी आला. सन्मान आला, पण तो उपभोगण्यास वेळ उरला नव्हता. १४ जुलै १८२७ रोजी फ्रेनेलची प्राणज्योत मालवली.

त्याचे कार्य मात्र थांबले नाही. त्याचा धाकटा भाऊ लेओनोर याने ते हाती घेतले आणि संपूर्ण काचेची मोठी यंत्रे उभारून भावाचे अपुरे स्वप्न पुरे केले. फ्रेनेलची भिंगे पाहता पाहता देशोदेशीच्या किनाऱ्यांवर झळकू लागली. आपल्या भारताच्या किनाऱ्यावरील दीपगृहांतही याच पद्धतीची भिंगे आली. आज जहाजांना उपग्रहांच्या साह्याने आपली जागा कळते; तरीही किनाऱ्यावरचे दिवे विझलेले नाहीत. मोटारींचे दिवे, रेल्वेचे सिग्नल, रस्त्यावरील दिवे यांची भिंगे आखताना आजचे इंजिनिअर संगणकावर लक्षावधी किरणांचा मार्ग क्षणात काढतात. परंतु ते सोडवतात तो प्रश्न फ्रेनेलचाच असतो : हा किरण जेथे हवा आहे, तेथे तो जाण्यासाठी काचेला कोणता आकार द्यावा?

आठव्या वर्षीही ज्याला धड वाचता येत नव्हते असे सांगतात, त्या मुलाने पुढे प्रकाशाला वाट दाखवली. ज्या खलाशांसाठी त्याने आपले आयुष्य झिजवले, त्यांतील बहुतेकांना त्याचे नावही ठाऊक नसेल. काळोखातून दूरवर चमकलेला दिवा पाहून ते सुकाणू फिरवीत आणि सुखरूप घरी पोहोचत. फ्रेनेलला हवे होते ते एवढेच.